चेन हॅरो म्हणजे काय? गवतावर लोखंडी साखळ्या का ओढतात आणि हे अवजार निवडताना काय बघायचं?

इंग्लंड, आयर्लंडच्या शेतीचे रील्स तुमच्या फीडवर येत असतील, तर एक दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. हिरवंगार कुरण, पुढे ट्रॅक्टर आणि मागे लोखंडी साखळ्यांची जाळी. ती जाळी जाईल तिथे फिकट आणि गडद हिरवे पट्टे उमटत जातात. खाली कमेंट ठरलेली असते, 'चांगल्या गवतावर हे कशाला फिरवतात?'

या जाळीचं नाव आहे चेन हॅरो. पट्टे हा तिचा खरा उद्देश नाही. गवताची पाती वेगवेगळ्या दिशेला झुकतात, त्यावर ऊन पडतं आणि पट्टे दिसतात, एवढंच. खरं काम त्याखाली चालू असतं. चुकीच्या दिवशी हेच काम केलं तर जनावरांना जंत होऊ शकतात आणि पक्ष्यांची घरटी चिरडली जाऊ शकतात.

चेन हॅरो नेमकं करतो काय?

आपल्याकडचा कुळव किंवा वखर डोळ्यासमोर आणा. त्याची फास जमिनीत शिरते, माती भुसभुशीत करते आणि तण मुळासकट कापते. चेन हॅरो तसं काही करत नाही. तो जमिनीच्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटरपुरताच असतो. एकमेकांत अडकवलेल्या लोखंडी कड्या आणि त्यांना खाली असलेले दात, अशी त्याची रचना. कड्या सुट्या हलतात, त्यामुळे चढ-उतार असला तरी जाळी जमिनीला चिकटून चालते.

ब्रिटनमध्ये हिवाळा संपताना कुरणाची अवस्था वाईट असते. मेलेल्या गवताचा थर, शेवाळ, गुरांच्या खुरांनी झालेले खड्डे, जागोजागी वाळलेलं शेण. हॅरो मेलेलं गवत ओढून काढतो, त्यामुळे नव्या फुटव्यांना ऊन आणि हवा मिळते. शेणाचे पो फुटून पसरतात. जनावरं शेणाभोवतीचं गवत खात नाहीत, त्यामुळे ती जागा वाया जाते. हे काम जनावरं बाहेर काढल्यावर करायचं असतं, नाहीतर ती सगळ्याच गवताला तोंड लावेनाशी होतात.

मातीच्या ढिगांचा आजाराशी काय संबंध?

तिकडे मोल नावाचा एक लहान प्राणी जमिनीखाली बोगदे करतो आणि उकरलेली माती वर ढकलतो. कुरणावर असे ढीगच ढीग दिसतात. पुढे ते गवत मुरघासासाठी कापलं, की ही मातीही सोबत जाते. मातीत लिस्टेरिया नावाचे जिवाणू असतात आणि नीट न मुरलेल्या मुरघासात ते वाढतात. असा मुरघास खाल्ला की मेंढ्यांना लिस्टेरियोसिस होऊ शकतो. त्यात मेंदूला सूज येते, मेंढी एकाच बाजूला गोल फिरत राहते आणि बऱ्याचदा दगावते.

म्हणून गवत वाढायच्या आधीच हॅरो फिरवून हे ढीग सपाट करतात.

निवडताना काय बघायचं?

१. ओढणार कशाने? क्वाड बाइक असेल तर साधारण १.२ मीटर रुंदीचा हलका हॅरो पुरतो. ट्रॅक्टरला २.४ मीटरपासून ६ मीटरपर्यंत आणि त्याहून मोठेही मिळतात. हिशोब सोपा आहे. ताशी ८ किलोमीटर वेगाने २.४ मीटरचा हॅरो तासाला जास्तीत जास्त पावणेपाच एकर करतो. वळणं आणि एकावर एक येणारे पट्टे धरले की प्रत्यक्षात त्याहून कमी.

२. लोखंड किती जाड? हलक्या हॅरोत साधारण ७-८ मिलिमीटरची सळई असते, जड हॅरोत १२-१३ मिलिमीटरची. हॅरोचं काम वजनावर चालतं. फार हलका असेल तर तो गवतावर नुसता घसरत जातो.

३. उलटता येतो का? चांगला हॅरो तीन प्रकारे वापरता येतो. लांब दात खाली ठेवले की मेलेलं गवत आणि शेवाळ निघतं. उलट दिशेने ओढला की तेच दात मागे झुकतात आणि काम हलकं होतं. पालथा घातला की गुळगुळीत बाजू खाली येते, ती ढीग पसरवायला आणि पेरलेलं बी झाकायला चालते.

४. मागे ओढायचा की उचलायचा? नुसता ओढायचा हॅरो स्वस्त पडतो, पण रस्त्यावरून नेताना तो गुंडाळून उचलावा लागतो. थ्री पॉइंट लिंकेजवर बसणारा, हायड्रॉलिकने घडी होणारा हॅरो महाग असतो. शेतं लांब लांब असतील तर तोच सोयीचा.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. शेवाळ परत परत येत असेल तर जमीन आम्लयुक्त आहे, दबलेली आहे किंवा पाण्याचा निचरा होत नाही. हॅरो शेवाळ काढतो, त्याचं कारण काढत नाही.

कधी फिरवायचा आणि कधी नाही?

साधारण मार्च-एप्रिलमध्ये, माती चाकाला चिकटणार नाही इतकी सुकल्यावर. ओल्या जमिनीत जिवंत गवतही उपटून येतं आणि ट्रॅक्टरच्या वजनाने माती दबते, ते वेगळंच.

घोड्यांच्या कुरणात जास्त सांभाळावं लागतं. लिदीत जंतांची अंडी असतात आणि त्यातून अळ्या बाहेर पडतात. दमट, उबदार हवेत हॅरो फिरवला तर या अळ्या कुरणभर पसरतात. कडक, कोरडं ऊन असेल तर त्या वाळून मरतात, पण त्यानंतरही कुरण काही आठवडे रिकामं ठेवावं लागतं. ब्रिटनमध्ये असं ऊन फार दिवस टिकत नाही. त्यामुळे तिथे लीद हाताने उचलणं हाच खात्रीचा उपाय मानतात.

दुसरा प्रश्न घरट्यांचा. लॅपविंग आणि कर्ल्यू हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. लॅपविंगची वीण मार्चच्या मध्यापासून सुरू होते, म्हणजे नेमकी हॅरोच्या हंगामात. हे दोन्ही पक्षी ब्रिटनमध्ये धोक्यात असलेल्यांच्या लाल यादीत आहेत. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार वापरात असलेलं घरटं जाणूनबुजून मोडणं तिथे गुन्हा आहे. म्हणून शक्य तिथे काम आधीच उरकतात, नाहीतर घरट्याजवळ खूण करून ट्रॅक्टर बाजूने काढतात.

हा लॅपविंग म्हणजे आपल्या टिटवीचा जवळचा नातेवाईक. टिटवीही शेतात, माळावर उघड्यावरच अंडी घालते. आपल्याकडे काही भागांत त्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात.

देखभाल कशी करायची?

- काम झालं की अडकलेलं गवत आणि माती काढून हॅरो धुवायचा. ओली माती राहिली की गंज धरतो.
- दात पुढच्या बाजूने झिजतात. त्यामुळे जाळीची दिशा अधूनमधून बदलायची, म्हणजे झीज सारखी होते.
- वाकलेली किंवा ताणलेली कडी लगेच बदलायची. एक कडी सैल झाली की ताण शेजारच्या कड्यांवर जातो आणि जाळी तिरकी चालते.
- डी शॅकल आणि पिना दर वेळी तपासायच्या. घडीच्या हॅरोत सांध्यांना ग्रीस आणि हायड्रॉलिक पाइपवर नजर.
- हंगाम संपला की तेलाचा हात फिरवून छपराखाली टांगून ठेवायचा. जमिनीवर ढीग करून ठेवला तर पुढच्या वर्षी गुंता सोडवण्यात दिवस जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुटलेला दात किंवा कडी गवतात सोडायची नाही. चारा कापणाऱ्या यंत्रात ती गेली तर पाती मोडतात आणि धातूचे तुकडे चाऱ्यात येतात. गाय चारा निवडून खात नाही. तार किंवा खिळा पोटात गेला तर तो जाळीपोटाला टोचतो, कधी थेट हृदयापर्यंत पोहोचतो. चारा कापणाऱ्या अनेक मोठ्या यंत्रांत धातू ओळखणारा सेन्सर बसवतात तो यासाठीच.

चालवतानाही दोन नियम पाळायचे. ओढायचा हॅरो लावून रिव्हर्स घ्यायचा नाही, साखळी चाकाखाली जाते. आणि अगदी आखूड वळण घ्यायचं नाही, जाळी मागच्या चाकावर चढू शकते. क्वाड बाइक असेल तर हेल्मेट हवंच आणि उतारावर दुप्पट काळजी.

महाराष्ट्रात याचा उपयोग आहे का?

गोल्फ कोर्स आणि खेळाच्या मैदानांवर वाळूचा थर सारखा पसरवायला अशाच जाळ्या वापरतात. माळरानाची गोष्ट मात्र वेगळी. तिथलं मारवेल, कुसळीसारखं गवत ठोंबांनी वाढतं आणि पावसाळ्यावर चालतं. हिवाळ्यानंतर शेवाळ साठण्याचा प्रश्न तिथे नाही आणि टिटवीसारख्या पक्ष्यांची अंडी तिथेही जमिनीवरच असतात. त्यामुळे रील बघून माळावर जाळी ओढायला जाऊ नका.