डोंबिवलीतील आपत्कालीन शुश्रूषा

डोंबिवलीतील आपत्कालीन शुश्रूषेला वळण दिले ते रेल्वेने आणि कारखान्यांनी. 1854 साली लोहमार्ग कल्याणपर्यंत पोचला. साठच्या दशकात एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आली. लोकलमधून पडलेला प्रवासी आणि रसायनाने भाजलेला कामगार हे इथल्या कॅज्युअल्टीचे ओळखीचे रुग्ण. पहिल्याची मान न हलवता श्वासमार्ग मोकळा ठेवायचा आणि रक्तस्राव दाबून थांबवायचा. दुसऱ्याचे कपडे उतरवून, कोरडी भुकटी झटकून अंगावर भरपूर पाणी सोडायचे. ही कामे बहुधा सिस्टरच्या हातून सुरू होतात.

हे कौशल्य असूनही पूर्वी हात अडत, कारण अपघात म्हणजे पोलीस केस, म्हणजेच एमएलसी. एका जखमी स्कूटरस्वाराला तशा केस घेणाऱ्या, सुमारे 20 किलोमीटर दूरच्या रुग्णालयात धाडले गेले आणि वाटेतच तो दगावला. त्यावरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला: सरकारी असो वा खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवावा, कागद नंतर. या निकालाने परिचारिकेचीही मोठी कोंडी फोडली. एमएलसीची नोंद आता उपचारांच्या आड येता कामा नये.

26 मे 2016 रोजी एमआयडीसीतील प्रोबेस कारखान्यात स्फोट झाला. 12 जण मृत्युमुखी पडले. दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटून माणसे घायाळ झाली. जखमी एकदमच दारात येतात, तेव्हा खरी परीक्षा वर्गवारीची. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यविशारद लॅरे याने हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यावरून क्रम लावण्याची रीत रुजवली. आज तोच क्रम लाल, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या खुणांनी लावतात. मोठ्याने ओरडणारा बहुतेकदा श्वास घेऊ शकत असतो. निपचित पडलेल्याकडे आधी धावावे लागते. ओळखीचा माणूस, वजनदार नातेवाईक यांना इथे जागा नाही. ज्याला वाचवणे शक्य नाही, त्यालाही वेदनाशमन आणि सोबत मिळालीच पाहिजे. वर्गवारीतला सर्वांत कठीण भाग हाच.

23 मे 2024 रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट झाला. मृतांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. अशा वेळी अंगावरचे कपडे, दागिने नीट नोंदवून जपणे हेही शुश्रूषेतच मोडते. दोन्ही स्फोट मे महिन्यातले; म्हणून वर्गवारीचा एकत्रित सराव शहरातील पालिकेच्या आणि खासगी रुग्णालयांनी दरवर्षी, मे उजाडण्यापूर्वी, करायलाच हवा.