सोळा, चोवीस, बत्तीस

१६, २४, ३२. हे आकडे बघून कुठल्याही आयटीवाल्याला बिट्सच आठवणार. पण हे आहेत केटलबेलचे किलो. हल्ली प्रत्येक जिममध्ये लोक दोन पायांच्या मधून जो कडीवाला लोखंडी गोळा झुलवत असतात ना, तो. डंबेल्स कशी ५, १०, १५ अशी सरळ चढतात, मग हिचंच गणित असं तिरपागडं का?

उत्तर रशियातल्या बाजारात आहे. रशियन भाषेत केटलबेलला म्हणतात 'गिर्या', आणि तराजूत टाकायच्या वजनालाही गिर्याच! तिथलं जुनं माप होतं पूड. ४० फुंटांचा एक पूड, म्हणजे १६.३८ किलो. (आपला मणही ४० शेरांचाच.) एक पूड १६, दीड पूड २४, दोन पूड ३२. सुटलं कोडं.

धान्य तोलायचं वजन मग सर्कशीतल्या पैलवानांच्या हातात गेलं. पण मला खरा हीरो वाटतो तो एक डॉक्टर. व्लादिस्लाव क्रायेव्स्की. या गृहस्थांनी १८८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये हौशी लोकांसाठी व्यायाममंडळ काढलं. रशियन वेटलिफ्टिंगचा जन्म तिथलाच मानतात. १८९८ मध्ये जॉर्ज हॅकनश्मिट त्यांच्याकडे तालमीला येऊन राहिला आणि पुढे कुस्तीत जगज्जेता झाला. तमाशाची गोष्ट तब्येतीची झाली ती अशा माणसांमुळे.

१९१८ मध्ये बोल्शेविक सरकारने मेट्रिक मापांचं फर्मान काढलं आणि पुढच्या काही वर्षांत पूड व्यवहारातून गेला. लोखंड मात्र तेच राहिलं. १९८५ मध्ये सोव्हिएत संघात या खेळाचे अधिकृत नियम झाले, तेव्हाही वजनं पूडाचीच. आता स्पर्धेत १० मिनिटं, खाली न ठेवता! २००१ मध्ये मिन्स्कहून अमेरिकेत गेलेल्या पावेल त्सात्सुलीनचं पुस्तक आलं आणि तिथून हे वेड जगभर पसरलं. गंमत म्हणजे आपण जो 'स्विंग' करतो, तो त्या स्पर्धेत नाहीच. तिथे जर्क आणि स्नॅच.

असो. आम्हा लोकांच्या भाषेत याला लेगसी सिस्टीम म्हणतात. बदलायचं कुणाच्या जिवावर येतं, म्हणून चालू राहते. पण इथे ती थेट कमरेशी येते. १६ वरून २४ म्हणजे एकदम दीडपट. दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत काढणाऱ्याने ही उडी का मारावी? स्विंगमध्ये जोर खुब्यातून यायला हवा, हात नुसते दोरीसारखे. वजन झेपलं नाही की पाठ वाकते, आणि मग सोमवारी हापिसात खुर्चीवरून उठताना कळतं.

आता १२ आणि २० किलोच्याही मिळतात. माझ्याकडे १६ ची आहे, पुढची २० चीच घेणार. रशियन हिशेबात सव्वा पूड. आपल्याकडे शेर जाऊन 'शेरास सव्वाशेर' उरलाच आहे की :)