वजनकाटा, टेप आणि नोंदवही : महाराष्ट्राच्या ग्रामीण आरोग्यसेवेतील शरीरमापनाचा इतिहास

प्रस्तावना :

इतिहासाच्या अभ्यासकाने वजनकाट्याकडे का वळावे, असा प्रश्न काही सहकारी प्राध्यापकांनी मला विचारला आहे. त्याचे उत्तर साधे आहे. अंगणवाडीत, उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात माणसाचे शरीर मोजले जाते, आकडा वहीत लिहिला जातो आणि लिहिला गेलेला आकडा हे इतिहासाचे साधन ठरते. शरीराचा कोणता भाग मोजला गेला, कोणाशी तुलना करून मोजला गेला आणि मोजल्यानंतर त्या आकड्याचे काय झाले, या तीन प्रश्नांच्या आधारे सुमारे पाऊण शतकाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. यातील तिसरा प्रश्न मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो.

जातीपासून उष्मांकापर्यंत :

भारतात शरीरमापन रूढ झाले ते आरोग्यासाठी नव्हे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड सिद्ध करण्याचा प्रयत्न केला होता. रिस्ले यांच्या निष्कर्षांना पुढे आव्हान मिळाले. परंतु समूहांची तुलना करण्यासाठी देह मोजायचा, ही पद्धत टिकून राहिली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५१ मध्ये महाराष्ट्रातील मानवमितीय मोजमापांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांची नावे इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर अशी आहेत. दांडेकर म्हटले की आपल्याला अर्थशास्त्रज्ञ आठवतात. त्यांनी डोक्याच्या व नाकाच्या मोजमापांचे संख्याशास्त्रही हाताळले होते, हे सहसा ध्यानात राहत नाही.

त्याच दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास सादर केला आणि दररोज दरडोई २२५० उष्मांक ही दारिद्र्याची कसोटी मानली. या कसोटीला आक्षेप घेणारेही मराठीच निघाले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे हे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. एकाच माणसाचे अन्नसेवन दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत स्वतःला सावरून घेते, म्हणून सरासरी गरजेच्या खाली असलेल्या प्रत्येकाला कुपोषित म्हणता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९८२ मध्ये डेव्हिड सेक्लर यांनी ही दिशा आणखी पुढे नेऊन, चणीने लहान असलेली बहुसंख्य माणसे निरोगीच असतात, असे प्रतिपादन केले. डॉ. सी. गोपालन यांनी त्याला कडाडून विरोध केला.

आज हा वाद वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. दोन्ही पक्ष लहान चणीच्या देहाविषयी बोलत होते. पण तो देह पंचेचाळिशीला पोचल्यावर त्याचे काय होईल, हा प्रश्न या वादाच्या केंद्रस्थानी नव्हता. मधुमेह व हृदयरोग हे सुखवस्तूंचे आजार, ही समजूत तेव्हा पक्की होती.

श्रेणी एक ते चार :

१९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे काम सुरू केले. गावातील स्त्रियांना, ज्यांपैकी अनेकजणी निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले आणि बालकांचे नियमित वजन हा त्यांच्या कामाचा भाग झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. वजन करणे ही आता शासकीय दिनचर्या झाली. अंगणवाडीच्या तुळईला टांगलेला काटा, त्याला अडकवलेली झोळी आणि भिंतीवरचा वाढीचा तक्ता हे दृश्य खेड्यात वाढलेल्या अनेक वाचकांनी पाहिले असेल.

मात्र मुलांची तुलना कोणाशी होत होती? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७२ मध्ये ठरवलेल्या वर्गीकरणात आधार होता तो हार्वर्ड प्रमाणाचा, म्हणजे अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या मुलांचा. त्या वजनाच्या ८० टक्क्यांहून अधिक वजन असलेले मूल सर्वसाधारण. त्याखाली दहा-दहा टक्क्यांची एक पायरी, आणि ५० टक्क्यांच्या खाली गेल्यास चौथी श्रेणी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवी मानके दिली. त्यांच्या अभ्यासात ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिकेबरोबर दिल्लीतील मुलेही होती. आपल्याकडे २००८ पासून ही मानके लागू होऊ लागली. श्रेणी गेल्या आणि 'सॅम' व 'मॅम' हे शब्द अंगणवाडी सेविकांच्या तोंडी रुळले. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली असला की पट्टी लाल दाखवते.

मूल मरू नये, हा या मापनाचा हेतू होता आणि तो योग्यच होता. परंतु मूल हिरव्या पट्ट्यात आले की मापनाचे काम संपे. सहा वर्षांनंतर ते मूल वहीतून नाहीसे होई.

पुण्याजवळची सहा गावे :

वहीतून मूल नाहीसे होऊ न देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातृपोषणाचा अभ्यास सुरू केला. गर्भधारणेपूर्वीच स्त्रियांची नोंद घेण्यात आली. त्यांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आणि उंची सुमारे १५२ सेंटिमीटर होती. बाळ जन्मल्यावर ७२ तासांच्या आत त्याचे वजन, लांबी, डोक्याचा, दंडाचा व पोटाचा घेर आणि कातडीखालील चरबीची जाडी मोजली गेली.

इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांशी केलेली तुलना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिकडच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो, इकडच्यांचे २.७ किलो. ही तफावत अपेक्षितच होती. अनपेक्षित होते ते असे की, स्नायू व पोटातील अवयव ज्या प्रमाणात कमी भरले, त्या प्रमाणात पाठीवरची चरबी कमी भरली नाही. बाळ हडकुळे होते, तरी त्याच्या देहात मेदाचा वाटा राखला गेला होता. 'कृश-मेदयुक्त' बालकाची कल्पना येथून रूढ झाली. पुढे याच मुलांच्या सहाव्या वर्षी असे आढळले की, गरोदरपणी ज्या मातांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी व फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. वजन भागिले उंचीचा वर्ग हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केतले यांनी दिले आणि १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला बीएमआय हे आजचे नाव दिले. त्या सूत्राने दोघांचा निर्देशांक २२.३ असा अगदी सारखा आहे. पण शरीरातील चरबी एकाची २१.२ टक्के, दुसऱ्याची ९.१ टक्के. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने आशियाई लोकांसाठी २३ व २७.५ या आकड्यांपाशीच सावध व्हावे, असे सुचवले.

येथे थोडे वैयक्तिक लिहिण्याची मुभा घेतो. माझ्या आईचे वजन कधीच ४५ किलोंवर गेले नाही. शेतमजुरी हे तिचे आयुष्य. एका आरोग्य शिबिरात 'तुम्ही तर काडीसारख्या, तुम्हाला कुठली शुगर?' असे म्हणून तिचे रक्त तपासलेच गेले नाही. दोन वर्षांनी पायाची जखम भरेना तेव्हा मधुमेह कळला. सांगणाऱ्याचा दोष मी मानत नाही. त्याच्या मनात जो तक्ता होता, त्यात बारीक माणसाला एकच धोका लिहिलेला होता.

नोंदवहीचे काय झाले? :

डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये जन्मवजन आणि हृदयरोग यांचा संबंध मांडला तो प्रयोगशाळेतून नव्हे, तर दप्तरातून. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली १९११ पासून परिचारिकांनी बाळांचे जन्माचे व पहिल्या वर्षाचे वजन खतावण्यांत लिहून ठेवले होते. त्या खतावण्या जपल्या गेल्या, म्हणूनच सत्तर वर्षांनी त्यांतून प्रश्न विचारता आला.

आपल्याकडे २०१० मध्ये असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आता आशा सेविका तिशीवरील प्रत्येकाचा अर्ज भरते आणि टेपने कंबर मोजते. स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरपर्यंत व पुरुषाची ९० पर्यंत असल्यास शून्य गुण. त्यापुढे गुण वाढतात आणि एकूण गुण चारपेक्षा अधिक झाल्यास धोका मानतात. वय, तंबाखू, मद्य, व्यायाम, कुटुंबातील आजार हे सारे विचारले जाते. जन्मवजनाचा रकाना मात्र त्यात नाही. तो असता तरी भरणार कोण? त्याच गावातील अंगणवाडीत कधीकाळी लिहिलेला आकडा आशाताईंपर्यंत पोचण्याची वाटच नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुरटलेली आहेत. देशपातळीवर प्रौढ स्त्रियांत १८.७ टक्के कृश, तर २४ टक्के अतिवजनाच्या आहेत. हे दोन वेगळे समाज नाहीत. पुष्कळदा एकाच घराची ही दोन वये आहेत.

या अभ्यासासाठी एका तालुक्यातील जुन्या नोंदवह्या पाहाव्यात म्हणून मी एका आरोग्य केंद्रात गेलो. १९९० पूर्वीच्या वह्या रद्दीत गेल्याचे सांगण्यात आले. कपाट हवे होते, असे कारण मिळाले. एका निवृत्त अंगणवाडी सेविकेने मात्र १९८० च्या दशकातील तेवीस वाढीचे तक्ते घरी पत्र्याच्या पेटीत ठेवले होते. त्यांतील अकरा तक्त्यांवर दुसरी वा तिसरी श्रेणी आहे. ती मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत आणि त्यांपैकी सातजण त्याच गावात राहतात. त्यांची नावे त्या बाईंना तोंडपाठ आहेत. येत्या सुट्टीत त्या मला त्यांच्या घरी घेऊन जाणार आहेत. टेप आणि ग्लुकोमीटर घेऊन आशाताईही सोबत येण्यास तयार झाल्या आहेत.