थामिरिसचे विस्मरण

'इलियड'च्या दुसऱ्या सर्गात ट्रॉयवर चालून गेलेल्या जहाजांची लांबलचक यादी आहे. गावांची नावे, नायकांची नावे, जहाजांचे आकडे. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. पहिल्या वाचनात आम्हीही तेच केले होते. वृद्ध नेस्टरच्या राज्यातील गावे मोजता मोजता कवी डोरियनपाशी येतो आणि मध्येच थबकतो. तो सांगतो, की म्यूज देवतांनी थ्रेसच्या थामिरिसला येथेच गाठले व त्याचे गाणे बंद पाडले. खुद्द म्यूज गायल्या तरी आपणच जिंकू, अशी बढाई त्याने मारली होती. संतापलेल्या देवतांनी त्याला अपंग केले, त्याचे दिव्य गायन हिरावून घेतले आणि किथारा वाजविण्याची कला त्याच्या स्मरणातून पुसून टाकली. अवघ्या सात ओळींत हे आटोपते. मग नेस्टरची नव्वद जहाजे, आणि यादी पुढे सुरू.

मूळ शब्द 'पेरोस' असा आहे. त्याचा अर्थ कोणत्याही अंगाने अधू झालेला. नंतरच्या परंपरेने मात्र थामिरिसला सरळ आंधळा ठरवून टाकले. इसवी सनपूर्व पाचव्या शतकात पॉलिग्नोटसने डेल्फी येथे त्याचे चित्र रंगविले होते. दृष्टी गेलेला, केस-दाढी वाढलेला गायक आणि पायाशी मोडकी, तारा तुटलेली वीणा, असे त्याचे वर्णन दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियसने करून ठेवले आहे. खुद्द पॉसेनियसचा शापावर विश्वास नाही. होमरप्रमाणेच थामिरिसचीही दृष्टी आजाराने गेली. होमर तरीही काव्य करीत राहिला आणि थामिरिसने खचून जाऊन कला सोडली, असे त्याचे मत!

पॉसेनियसचा हा निवाडा आम्हांस फार कठोर वाटतो. आंधळेपण आणि गाणे यांचे ग्रीकांत वैर नव्हतेच. 'ओडिसी'तील डेमोडोकसचे डोळे म्यूजनेच घेतले, पण त्याला मधुर गाणे दिले. थामिरिसची खरी शिक्षा शेवटची आहे. तो विसरला. म्यूज या स्मृतिदेवता नेमोसिनीच्या कन्या. तेव्हा त्यांनी आपल्या आईचे देणे परत घेतले म्हणावयाचे.

'गर्वाचे घर खाली' एवढे तात्पर्य काढून येथे थांबता येईल. पण मग ही कथा नेमकी जहाजांच्या यादीतच का यावी? यादी सुरू करण्यापूर्वी कवीने म्यूजना साकडे घातले आहे: तुम्हांला सारे ठाऊक आहे, आमच्या कानी केवळ कीर्ती येते, दहा जिभा असत्या तरी तुमच्या स्मरणाविना हे मला सांगता आले नसते. त्यानंतर शंभर-सव्वाशे ओळींतच थामिरिस येतो. लेखनाचा आधार नसलेल्या परंपरेतला गायक, समोर श्रोते, आणि शेकडो नावे ओळीने जिभेवर यावयाची. एक नाव अडले की सारे अडले. त्या सात ओळींत उपदेशापेक्षा व्यवसायातली भीती आम्हांस अधिक ऐकू येते.

थामिरिसवर सोफोक्लीसने नाटक लिहिले होते; त्याचे काही तुकडेच उरले आहेत. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या अखेरीस त्याची पुन्हा आठवण काढली आहे. मृतांचे आत्मे पुढचा जन्म निवडीत असतात. ऑर्फियस हंसाचा जन्म घेतो, आणि थामिरिस नाइटिंगेलचा.