प्रतिपिंडें : सर्पदंशापासून रक्ताच्या कर्करोगापर्यंत

आषाढ लागला म्हणजे शहापूर व मुरबाड तालुक्यांत भाताची लावणी सुरू होते, आणि बांधाबांधांवर सर्पदंशाचें भयही वावरूं लागतें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्या विषांवर चालणारी जी लस देतात, तिच्या मुळाशीं एक जुना शोध आहे. घोड्याला थोडें थोडें विष टोचीत गेलें कीं त्याच्या रक्तांत त्या विषाला निष्प्रभ करणारीं द्रव्यें निर्माण होतात, तींच प्रतिपिंडें. फॉन बेरिंग व किटासाटो यांनीं १८९० मध्यें घटसर्प व धनुर्वात यांच्या संबंधांत हें तत्त्व सिद्ध केलें. त्याच तत्त्वावर मुंबईंत परळच्या हाफकिन संस्थेंत सर्पविषावरील लस कित्येक दशकें तयार होत आली.

परंतु घोड्याच्या रक्तांतील हें औषध म्हणजे अनेक प्रतिपिंडांचें मिश्रण. त्यांतील एकच निवडून हवें तेवढें बनविणें शक्य झालें तें १९७५ सालीं. केंब्रिज येथें कोहलर व मिलस्टाइन यांनीं प्रतिपिंड बनविणारी पेशी आणि अखंड वाढणारी कर्कपेशी यांचा संयोग घडवून आणला. ज्या अमर्याद वाढीनें माणूस दगावतो, तिलाच त्यांनीं औषध निर्माण करण्याच्या कामीं जुंपलें.

याच वाटेनें पुढें रिटुक्सिमॅब हें औषध आलें. जुनाट लिम्फोसाइट ल्युकेमियांत 'बी' जातीच्या पांढऱ्या पेशी रक्तांत हळूहळू सांचत जातात. रोगी बहुधा उतारवयाचा असतो. या पेशींच्या पृष्ठभागावर 'सीडी-२०' नांवाची खूण असते. प्रतिपिंड त्या खुणेला चिकटतें व शरीराच्या संरक्षक यंत्रणेकडून त्या पेशीचा नाश करवितें. निरोगी बी-पेशीही त्यांत मरतात. पण ज्या मूळ पेशींपासून रक्त घडतें त्यांवर ही खूण नसल्यामुळें नव्या पेशी पुनः निर्माण होऊं शकतात. अमेरिकेंत या ल्युकेमियासाठीं तें २०१० मध्यें मान्य झालें. ८१७ रुग्णांवरील चाचणींत, इतर दोन औषधांच्या जोडीला तें दिलें असतां तीन वर्षांनंतर ८७ टक्के रुग्ण हयात होते; न दिलेल्यांत ८३ टक्के. अंतर लहान, पण पहिल्या उपचाराच्या निवडीनें आयुष्य वाढूं शकतें, हें त्यावरून दिसून आलें.

हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनें २००७ मध्यें त्याची भारतीय आवृत्ती कमी किंमतींत काढली. २०१५ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें अत्यावश्यक औषधांच्या यादींत त्याचा समावेश केला. आतां या रोगावर पोटांत घेण्याच्या गोळ्याही निघाल्या आहेत.

तथापि किंमत उतरली म्हणून अंतर सरत नाहीं. त्या चाचणींतील पद्धतीनें हें औषध चार चार आठवड्यांनीं सहा वेळां, शिरेंतून, कित्येक तास, देखरेखीखालीं द्यावें लागतें. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांसाठीं उघडें आहे. पण शहापूरच्या रोग्यानें तेथें जावयाचें तर आसनगांवहून लोकल धरावी लागते, मुरबाडच्या रोग्यानें आधीं एस. टी. नें कल्याण गांठावें लागतें. सोबत घरचें एक माणूस, आणि दोघांचाही दिवस बुडालेला. जुन्या प्रतिपिंडाची लस परळहून निघून खेड्यापाड्यांच्या वाटेला लागली. नव्या प्रतिपिंडाला तीच वाट अद्याप चालावयाची आहे.