‘उपयोग काय?’ या प्रश्नाला रंगमंचाचे उत्तर

३ ऑगस्ट १९४१, रविवार. जर्मनीतील म्युन्स्टर शहराच्या सेंट लँबर्ट चर्चमध्ये बिशप क्लेमेन्स फॉन गालेन प्रवचनासाठी उभे राहिले आणि देशभर जे कुजबुजीने बोलले जात होते, ते त्यांनी उघडपणे सांगितले. मनोरुग्णालयांतून आणि मतिमंदांच्या आश्रमांतून रुग्णांना हलविले जात होते. काही आठवड्यांत त्यांच्या घरी मृत्यूचे पत्र येत होते. जो काही उत्पादन करीत नाही त्याला मारण्याचा अधिकार एकदा मान्य केला, तर आपण सर्व वृद्ध आणि दुबळे होऊ तेव्हा आपले काय होईल, असा त्यांच्या प्रवचनाचा रोख होता.

त्या हत्यांचा कारभार बर्लिनमधील टीअरगार्टन रस्त्यावरच्या चार क्रमांकाच्या घरातून चालत असे. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात सहा केंद्रांत ७० हजारांहून अधिक माणसे विषारी वायूने मारली गेली. गालेन यांच्या प्रवचनानंतर तीन आठवड्यांनी ही मोहीम अधिकृतपणे थांबविण्यात आली. पण उपासमारीने आणि औषधांच्या मात्रेने मारणे १९४५ पर्यंत गुपचूप चालूच राहिले. या साऱ्यामागे एकच प्रश्न होता : या माणसांचा उपयोग काय?

नाटकाविषयीच्या लेखाची सुरुवात अशी का, असे वाचकांना वाटेल. ज्यांच्याविषयी हा प्रश्न विचारला गेला, तीच माणसे पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी रंगमंचावर उभी राहिली आणि त्यांनी तो प्रश्न प्रेक्षकांकडे वळविला, हेच त्याचे कारण.

युद्धानंतरही बहुसंख्य देशांत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींचे आयुष्य मोठमोठ्या संस्थांच्या भिंतीआडच गेले. त्यांच्या वाट्याला नाटक आलेच तर ते उपचार म्हणून किंवा देणगीदारांपुढच्या कार्यक्रमासाठी. त्यांना नट म्हणून वागविण्याचा विचार उशिरा रुजला. उत्तर फ्रान्समधील रुबे या गिरणगावात १९७८ साली ‘ल्वाझो-मूश’ ही नाट्यमंडळी स्थापन झाली आणि १९८१ पासून तेथे अभिनय हा या कलावंतांचा व्यवसाय झाला. सकाळी तालमीला जावे, महिनाअखेर मेहनताना घ्यावा, ही साधी गोष्ट. पण त्यांच्यासाठी ती नवीनच होती.

१९९० साली, भिंत पडलेल्या बर्लिनमध्ये गिझेला ह्योने आणि क्लाउस एर्फोर्ट या रंगकर्मींनी एक संस्था काढली. तिच्यातूनच ‘रांबाझांबा’ हे नाट्यगृह उभे राहिले. गिझेलाबाईंच्या स्वतःच्या मुलाला डाउन सिंड्रोम होता. एका जुन्या मद्यनिर्मिती कारखान्याच्या आवारात या मंडळींचे प्रयोग होऊ लागले. ज्या शहरात त्यांच्यासारख्यांच्या मरणाचे कागद रंगविले गेले, त्याच शहरात लोक तिकीट काढून त्यांचा अभिनय पाहू लागले.

या इतिहासातील सर्वांत बोलके पर्व मात्र ऑस्ट्रेलियात घडले. मेलबर्नजवळच्या जिलाँग या औद्योगिक बंदरात १९८७ साली ‘बॅक टू बॅक थिएटर’ स्थापन झाले. येथे बाहेरच्या लेखकाने लिहून दिलेले संवाद नटांनी पाठ करायचे, अशी रीत नाही. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, नट सुचेल तसे प्रसंग उभे करतात, बोलतात, भांडतात आणि त्यातून संहिता आकार घेते. १९९९ पासून ब्रूस ग्लॅडविन हे मंडळीचे कलादिग्दर्शक झाले.

२००५ साली त्यांनी मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट रेल्वे स्थानकावर एक प्रयोग केला. नाटकाचे नाव ‘स्मॉल मेटल ऑब्जेक्ट्स’, म्हणजे धातूच्या लहान वस्तू. त्यात नाण्यांची सूचना आहे. प्रेक्षक एका बाजूला चढत्या आसनांवर कानांना श्रवणयंत्रे लावून बसलेले. नट गर्दीतच मिसळलेले, त्यामुळे बोलणारे कोण हेच आधी उमगत नाही. एक पैसेवाला गृहस्थ दोन मित्रांशी सौदा करू पाहतो. पण त्यांतला एक जागचा हलायलाच तयार नाही, आणि पैशाच्या बळावर त्याला कोणी हलवू शकत नाही. माणसाचे मोल कशात, या प्रश्नाला हे थेट रस्त्यावरचे उत्तर होते.

२०११ साली मेलबर्नमध्येच आलेले ‘गणेश व्हर्सेस द थर्ड राईश’ हे नाटक आपणा मराठी वाचकांना विशेष जवळचे वाटावे. नाझींनी पळविलेले स्वस्तिक परत आणण्यासाठी साक्षात गणपती जर्मनीला निघतो, अशी त्याची कथा. वाटेत माणसांवर प्रयोग करणारा डॉक्टर मेंगेले भेटतो. प्रयोगापूर्वीच काही हिंदू संघटनांनी हरकत घेतली होती. परक्या देवाची कथा सांगण्याचा आपल्याला अधिकार काय, ही शंका मात्र नाटकातील नटांनाही छळते. कारण या कथेच्या जोडीने मंचावर तिची तालीमही दिसते. तेथे धडधाकट दिग्दर्शक अक्षम नटांवर सत्ता गाजवितो. आपल्यातल्या एकाला खरे आणि खोटे यांतला भेद कळतो का, याची नट आपसांत चर्चा करतात. काल्पनिक प्रेक्षकांकडे बोट दाखवून दिग्दर्शक विचारतो, तुम्ही येथे नाटक पाहायला आलात की विचित्र माणसे पाहायला? त्या क्षणी सभागृहातील दयाळू माणसालाही आपली नजर तपासावी लागते.

ही शंका निराधार नाही. झ्यूरिकच्या ‘थिएटर होरा’ या मंडळीने २०१२ साली फ्रेंच नृत्यदिग्दर्शक जेरोम बेल यांच्याबरोबर केलेल्या प्रयोगावरही असाच वाद झाला. ही कला की प्रदर्शन? पुढच्याच वर्षी त्यातील युलिया हॉयझरमान या डाउन सिंड्रोम असलेल्या अभिनेत्रीला बर्लिनच्या नाट्यमहोत्सवात उत्कृष्ट तरुण कलावंताचा आल्फ्रेड केर पुरस्कार मिळाला. बॅक टू बॅकला २०२२ साली आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार आणि २०२४ साली व्हेनिसच्या नाट्य-बिएनालेचा जीवनगौरव सुवर्णसिंह लाभला. हे पुरस्कार कलेला दिलेले आहेत. त्यांना सहानुभूतीचे बक्षीस म्हणणे चुकीचे ठरेल.

आपल्याकडे मुंबईत कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाला’ने विशेष मुलांना रंगभूमीची वाट दाखविली. विशेष शाळांच्या स्नेहसंमेलनांतही ही मुले उत्साहाने उभी राहतात आणि आपण टाळ्या वाजवितो. पण शाळा सुटते. अठरा वर्षांचा झालेला तो मुलगा घरी बसतो आणि पुढची तीस-चाळीस वर्षे त्याला कोणी ‘तालमीला ये’ असे म्हणत नाही. त्याचे आईवडील थकत जातात.

म्युन्स्टरच्या त्या रविवारी या माणसांच्या जगण्याच्या हक्काची बाजू दुसऱ्या कोणाला तरी मांडावी लागली होती. रुबे, बर्लिन आणि जिलाँग येथे ती माणसे स्वतः बोलू लागली. आपल्या गावातला तो प्रौढ मुलगा काय सांगू इच्छितो, हे ऐकण्यासाठी एखादे सभागृह, आठवड्यातील दोन संध्याकाळी आणि धीर धरणारा एक दिग्दर्शक, एवढी तयारी तरी आपण ठेवायला हवी.