रस्त्यापलीकडची खुराडी

आमच्या घरासमोरचा रस्ता ओलांडला की क्लीव्हलँड शहर सुरू होतं. अलीकडे आमचं उपनगर. पलीकडच्या बाईंच्या परसात चार कोंबड्या फिरतात. मला एकही पाळता येत नाही. परसं सारख्याच मापाची, माती तीच, जानेवारीत पाण्याचं भांडं गोठतं तेही दोन्हीकडे. गेल्या वर्षी मी परवानगी मागायला गेले, तर नियमाचा कागद पुढे सरकवला गेला आणि विषय संपला. मला ते फार लागलं. देवरुखला आजीच्या खुराड्यातली अंडी खाऊन मी वाढले.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच शेतकी खात्याने भित्तिपत्रकं लावली होती : घरातल्या माणशी दोन कोंबड्या परसात पाळा, म्हणजे अंडी विकत घ्यावी लागणार नाहीत. अगदी लहान परसातही जागा होते, असंही त्यात बजावलं होतं. तेव्हा कोंबडी पाळणं ही देशसेवा होती.

मग १९२२ साली क्लीव्हलँडला लागूनच असलेल्या युक्लिड गावाने आपल्या जमिनीचे वापराप्रमाणे सहा वर्ग पाडले. अँब्लर रिअल्टी कंपनीची ६८ एकर जमीन त्यात अडकली. कंपनी कोर्टात गेली आणि १९२६ साली सर्वोच्च न्यायालयात गाव जिंकलं. न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकालात दाखला दिला डुकराचा : गोठ्याच्या आवारात ते शोभतं, दिवाणखान्यात उपद्रव होतं. स्वतंत्र घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारतींना तर त्यांनी बांडगूळ ठरवलं. मला हा निकाल वाचून कळलं ते हेच, की वाद वासाचा किंवा आवाजाचा एवढाच नव्हता. शेजारी कोण असावं, हे ठरवण्याचा अधिकार गावाला मिळाला. कोंबडी ही गरिबाघरची खूण, म्हणून तीही हद्दीबाहेर गेली असावी. क्लीव्हलँडच्या या एका काउंटीत पन्नासहून जास्त शहरं आणि गावं आहेत. प्रत्येकाची सभा वेगळी, म्हणून कोंबडीचा कायदाही गल्लीगणिक बदलतो.

क्लीव्हलँडने मात्र २००९ साली दार उघडलं. कर्ज थकून घरांवर जप्त्या येत होत्या, प्लॉट ओस पडत होते. लोकांनी तिथे भाजी लावायला घेतली होती. नियम मोजूनमापून केला : ८०० चौरस फुटांमागे एक कोंबडी. म्हणजे ४,८०० चौरस फुटांच्या नेहमीच्या प्लॉटवर सहा. एकराहून लहान जागेत कोंबडा नाही. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो, कारण तो कोंबडीकडे बघून केलाय.

पण कोंबडा नाही, म्हणजे अंड्यातून पिल्लू नाही. मागच्या महिन्यात बाईंची तपकिरी कोंबडी खुडूक झाली. पिसं फुगवून रिकाम्या खोक्यात बसून राहिली, दाण्यालाही उठेना. खुडूक मोडावी म्हणून बाई तिला पाण्यात बुडवून काढायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, थांबा. आजी अशा कोंबडीला हाकलत नसे. टोपलीत पेंढा घालून, शेजारणीकडची अंडी मागून आणून तिच्याखाली ठेवत असे. आम्ही दोघी गावाबाहेरच्या एका शेतावर गेलो. चार आहेत, सहा चालतात, म्हणून दोनच अंडी आणली. कोंबडी झोपेला आल्यावर मी हात तिच्या पोटाखाली सरकवला. आत भाकरीच्या तव्यासारखी ऊब होती. तिने एकदाच चोच मारली आणि अंडी स्वतःच आत ओढून घेतली.

उद्या एकविसावा दिवस. सकाळी रस्ता ओलांडून जायचं आहे.